भाग १४ : गिअरबॉक्सचं तेल संपत नाही, गळतं



मागच्या भागात आपण इंजिन ऑइलबद्दल बोललो. त्यावर इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू अशा ठिकठिकाणच्या मराठी मंडळींचे प्रश्न आले आणि बहुतेकांचा रोख एकच होता. ‘आता घरात ऑटोमॅटिक गाडी आली आहे. तिच्या गिअरबॉक्सातही तेल असतं म्हणे. ते कधी टाकायचं?’ आजचा भाग त्यावरच आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. इंजिन ऑइल थोडं थोडं जळतं, त्यामुळे त्याची पातळी जराशी खाली येणं स्वाभाविक आहे. गिअरबॉक्सचं तेल जळत नाही आणि वाफ होऊन उडूनही जात नाही. ते एका बंद घरात फिरत राहतं. म्हणून ते कमी झालं असेल तर कारणं दोनच: एक तर ते कुठून तरी गळतंय, नाही तर मागच्या कामाच्या वेळी कमी भरलं गेलंय. ‘कमी झालंय ना, मग अर्धा लिटर टाका’ हे याचं उत्तर नाही. ‘गेलं कुठे?’ हा पहिला प्रश्न.

हे तेल करतं काय?

साध्या, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सात तेलाचं काम सरळ आहे. दात्यांवर आणि बेअरिंगवर पातळ थर धरायचा, घर्षण कमी करायचं, उष्णता वाहून न्यायची. छोट्या मोटारीत हे तेल साधारण दोन लिटर असतं.

ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेल हा यंत्राचाच एक भाग आहे. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने समोरच्या बंद पंख्याची पाती फिरू लागतील. इथे वाऱ्याच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका डब्यात बंद करा, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरची कल्पना आली. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल फेकतो, त्या तेलाच्या जोराने दुसरा फिरतो आणि चाकांकडे शक्ती जाते. जर्मन अभियंते हेर्मान फॉटिंगर यांनी ही युक्ती १९०५ मध्ये जहाजांसाठी काढली. पुढे जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाईल मॉडेलमध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, तोही तेलाच्याच जोरावर चालणारा.

दुसरं काम दाबाचं. गॅरेजमधला हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर गाडी उचलतो. तसंच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सात तेलाचा दाब क्लचच्या चकत्या घट्ट दाबून धरतो. कोणता गिअर लागणार, हे कोणत्या चकत्यांवर दाब आला यावर ठरतं. तिसरं काम वंगणाचं आणि चौथं उष्णता बाहेर नेण्याचं. तेल कूलरमधून फिरून थंड होऊन परत येतं.

आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दात तीन-चार जाती येतात. २०१४ मध्ये मारुती सेलेरियोबरोबर स्वस्त गाड्यांत आलेली एएमटी ही मुळात मॅन्युअल पेटीच आहे, फक्त क्लच आणि गिअरचं काम माणसाऐवजी यंत्र करतं. तिच्यात गिअर ऑइल वेगळं असतं आणि, यंत्रणा हायड्रॉलिक असेल तर, तिचं तेल वेगळं. सीव्हीटीत दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा असतो आणि तो तेलाच्या दाबाने पकडून ठेवलेला असतो. डीसीटीत दोन क्लच असतात. प्रत्येकाचं तेल निराळं. इलेक्ट्रिक गाडीला गिअर बदलावे लागत नाहीत, पण तिच्या मोटरला जोडलेल्या छोट्या गिअरपेटीतही तेल असतंच.

कमी झालं की आत काय होतं?

पेटीच्या तळाशी जाळी असते. पंप तिथून तेल ओढतो. पातळी खाली गेली की सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते. पण चढावर, जोरात वळताना किंवा ब्रेक मारताना तेल एका बाजूला सरकतं, जाळी क्षणभर उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. तेलात फेस होतो. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे दाब पडतो. दाब पडला की चकत्या घसरतात, घसरल्या की तापतात. आधीच कमी असलेल्या तेलावर जास्त उष्णतेचा भार येतो.

इथून हे चक्र सुरू होतं. एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. तेल काळं पडतं, चकत्यांचं अस्तर जळतं, त्याचा भुसा तेलात मिसळतो आणि बारीक झडपांमध्ये जाऊन अडकतो. सीव्हीटीत पट्टा घसरला की पुलीवर ओरखडे पडतात. मग नुसतं तेल भरून ते भरून येत नाही.

आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त गृहस्थांचं उदाहरण देतो. त्यांच्या गाडीला सकाळी ‘डी’ टाकल्यावर निघायला उशीर लागे. त्यांचा नेहमीचा मिस्त्री दर दोन महिन्यांनी तेल टाकून देई, आणि गाडी पुन्हा नीट चाले. सहा महिने असं चाललं. मग लग्नाला निघालेली, पाच माणसं आणि सामान भरलेली गाडी घाटात चढेना. पेटी उतरवली तेव्हा चकत्या जळलेल्या निघाल्या. मूळ गळती होती कूलरकडे जाणाऱ्या एका होजच्या जोडाला. पहिल्याच महिन्यात तो होज बदलला असता तर काही हजारांत भागलं असतं. पेटी उघडण्याचा खर्च लाखाच्या घरात गेला. वर रात्रभर म्हातारी माणसं रस्त्याकडेला, तो हिशेब वेगळाच.

धोक्याच्या खुणा

साधारण ज्या क्रमाने दिसतात, त्या क्रमाने सांगतो.

एक, जमिनीवरचा डाग. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी पाहा. रंगहीन पाणी असेल तर ते एसीचं, काळजी नको. हिरवट किंवा गुलाबी, पाण्यासारखं पातळ आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. तपकिरी-काळं असेल तर बहुधा इंजिन ऑइल. लालसर आणि बोटांत धरल्यावर तेलकट लागलं तर गिअरबॉक्सचं. ऑटोमॅटिकचं तेल बहुधा लाल असतं, पण सर्वांचं नाही. काहींचं पिवळसर, हिरवं किंवा निळंही असतं. त्यामुळे आपल्या गाडीचं तेल नवं असताना कसं दिसतं, हे एकदा विचारून ठेवा.

दोन, उशीर. ब्रेक दाबून ‘पी’वरून ‘डी’ किंवा ‘आर’ टाकला की क्षणात हलका धक्का जाणवला पाहिजे. दोन-तीन सेकंद काहीच न होता मग गाडी एकदम ओढली गेली, तर दाब तयार व्हायला वेळ लागतोय.

तीन, घसरण. पाय दाबला, इंजिनचा आवाज चढला, काटा वर गेला, पण गाडी त्या प्रमाणात पळत नाही. ही खूण आधी चढावर दिसते.

चार, झटके आणि थरथर. गिअर बदलताना धक्का बसतो किंवा गाडी दोन गिअरमध्ये घुटमळते.

पाच, आवाज. वेगाबरोबर चढत जाणारा घूं घूं आवाज. तो पंपाचा किंवा बेअरिंगचा असू शकतो.

सहा, जळका वास. तो आला म्हणजे आत नुकसान सुरू झालं आहे.

सात, दिवा. डॅशबोर्डवर इशारा येतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून हळू चालते. कॉम्प्युटरने पेटी वाचवण्यासाठी स्वतःच लावलेला हा लगाम आहे. गाडी बंद करून चालू केल्यावर दिवा गेला म्हणून खूश होऊ नका.

मॅन्युअलवाल्यांसाठी: तेल कमी असेल तर गिअर जड लागतात, दाते करकरतात, ठरावीक गिअरमध्ये घूं आवाज येतो. पण काटा चढतो आणि गाडी पळत नाही, हे लक्षण तुमच्याकडे बहुधा क्लच प्लेटचं असतं, तेलाचं नव्हे. एएमटीलाही हेच लागू आहे. उगाच तेल बदलून पैसे घालवू नका.

तपासायचं कसं?

फौजेत गाडी पार्कमधून निघण्याआधी ड्रायव्हर ‘फर्स्ट परेड’ करतो. तेल, पाणी, टायर आणि वाकून गाडीखाली एक नजर. कितीही घाई असो, ती टळत नाही. तुम्हाला रोज जमणार नाही, पण आठवड्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी एकदा, एवढं तरी करा.

तुमच्या ऑटोमॅटिकला गिअरबॉक्सची वेगळी डिपस्टिक असेल तर गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक स्थितीत काही सेकंद नेऊन परत ‘पी’वर आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून पातळी पाहतात, काहींत बंद करून. आपल्या गाडीचं पुस्तक जे म्हणतं ते प्रमाण. कांडी धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून पुन्हा घाला आणि ‘हॉट’च्या खुणेवर वाचा. नुसती पातळी पाहू नका, थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. तपकिरी म्हणजे तेल जुनं झालंय, काळं आणि जळक्या वासाचं म्हणजे काम बाकी आहे. गुलाबी, दुधाळ दिसलं तर कूलरमधून कूलंट पेटीत शिरलंय किंवा पुराचं पाणी गेलंय. मग गाडी अजिबात चालवायची नाही.

आजकालच्या पुष्कळ गाड्यांना ही कांडीच नसते. तिथे गाडी लिफ्टवर सपाट उचलून, तेलाचं तापमान कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत असताना, लेव्हल प्लग उघडून पातळी बघतात. हे घरी करायचं काम नव्हे. ‘सील्ड आहे, आयुष्यभर बघायची गरज नाही’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. सील्ड असली तरी ऑइल सील रबराचं असतं, गॅस्केट जुनं होतं, आणि आपले उंच स्पीडब्रेकर तळाच्या पॅनला ठोकर द्यायला बसलेलेच असतात.

वाटेत लक्षण दिसलं तर

गाडी घसरू लागली किंवा जळका वास आला की सुरक्षित जागा पाहून डावीकडे थांबा, चारही इंडिकेटर लावा, मागे त्रिकोण ठेवा. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ म्हणून रेटू नका. पेट्या बहुधा त्या शेवटच्या पंधरा-वीस किलोमीटरमध्येच जातात. पंपावर मिळेल ते तेलही ओतू नका. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं तेल चालत नाही, आणि पातळी गरजेपेक्षा जास्त झाली तरी फेसच होतो.

दोर बांधून ओढणं टाळा. इंजिन बंद असलं की बहुतेक ऑटोमॅटिक पेट्यांतला पंपही बंद असतो. चाकं फिरतात, आतले भाग फिरतात आणि वंगण मिळत नाही. ज्या चाकांना शक्ती जाते ती जमिनीवरून उचललेली हवीत. सर्वांत बरं म्हणजे सपाट ट्रकवर अख्खी गाडी चढवणं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करून मदत मागता येते. कोणत्याही राज्यात असा, नंबर हाच.

गॅरेजमध्ये तीन प्रश्न

गळती कुठून आहे, मला दाखवा. तेल कोणत्या दर्जाचं घालताय, डबा दाखवा, पुस्तकाशी ताडून पाहू. आणि काढलं किती, भरलं किती? तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण ड्रेन प्लग उघडला तरी टॉर्क कन्व्हर्टरमधलं बरंच तेल आतच राहतं. किती निघालं हे मोजल्याशिवाय किती भरायचं याचा अंदाज लागत नाही. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही.

तेव्हा मंडळी, आज रात्री एक जुना पुठ्ठा गाडीखाली सरकवा आणि सकाळी चहाआधी बघा. कोरा निघाला तर उत्तम. डाग दिसला तर त्याचा फोटो काढा आणि त्याच आठवड्यात गाडी लिफ्टवर घ्या.

पुढच्या भागात ब्रेक ऑइल. तोवर सांभाळून चालवा. जय हिंद.