फेवर-ल्युबाचं दुसरं पुनरागमन आणि संग्राहकांचा कौल

ऑगस्ट २०२४ मध्ये ‘जिनिव्हा वॉच डेज’ या प्रदर्शनात फेवर-ल्युबाने एकदम वीसहून अधिक नवी घड्याळं मांडली. जुन्या घड्याळांच्या संग्राहकांनी त्यावर सगळ्यात आधी दोन गोष्टी विचारल्या : आकार केवढा आणि किंमत किती? या चौकशीमागे एक ताजा अनुभव होता. हेच नाव सात-आठ वर्षांपूर्वी एकदा वाजतगाजत परत आलं होतं. तेव्हा कौतुक भरपूर झालं, खिशात हात मात्र थोड्यांनीच घातला. त्यामुळे या वेळी लोक आनंदले, पण सावधपणे.

आपल्याकडे या नावाबद्दल जी माया आहे, ती समजायला थोडं मागे जावं लागतं. स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल या गावात १७३७ साली अब्राहम फाव्र हे घड्याळजी काम करत असल्याची नोंद आहे. कंपनी आपलं जन्मवर्ष तेच मानते. १७३५ चा वारसा सांगणाऱ्या ब्लाँपांनंतर हा स्विस घड्याळांतला सर्वांत जुना ब्रँड मानला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाव्र घराण्याशी ल्युबा घराणं जोडलं गेलं आणि जोडनाव तयार झालं. १८६० च्या दशकात फ्रिट्झ फाव्र हिंदुस्थानात आले आणि मुंबईत कंपनीची पेढी सुरू झाली. इतक्या लवकर भारतात पाय रोवणाऱ्या स्विस कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

पुढच्या शंभर वर्षांत हे घड्याळ इथल्या घराघरांत पोचलं. १९५५ साली कंपनीने स्वतःचं मशीन बनवलं आणि त्या दशकात ‘सी चीफ’, ‘सी किंग’ ही मॉडेल बाजारात आली. सतरा ज्वेल्सचं मशीन, साधारण ३५ मिलिमीटरची केस, रोज सकाळी चावी द्यायची. एचएमटीचं पहिलं घड्याळ १९६१ मध्ये आलं; तोवर आणि त्यानंतरही आयातीवर निर्बंध असल्याने स्विस घड्याळ ही मोलाची चीज होती. लग्नात जावयाला द्यायच्या वस्तूंत ते असायचं. पहिल्या पगारातून पैसे साठवून ते घेतलं जायचं. पुढे ते वडिलांकडून मुलाकडे यायचं. आज भारतातल्या अनेक संग्राहकांच्या संग्रहातलं पहिलं घड्याळ असंच वारशाने आलेलं सी किंग किंवा सी चीफ असतं.

युरोपातल्या संग्राहकांना मात्र याच कंपनीचा वेगळा चेहरा माहीत होता. १९६२ साली तिने दोन बॅरलचं, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचं चावीचं मशीन काढलं. एका मोठ्या स्प्रिंगचं काम दोन छोट्या स्प्रिंग वाटून घेत, त्यामुळे ताकद अधिक समान मिळे आणि घड्याळ पन्नास तासांच्या आसपास चाले. त्याच वर्षी ‘बिव्हुॲक’ आलं : समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं पहिलं यांत्रिक मनगटी घड्याळ. त्याच्या पोटात हवा काढून घेतलेली धातूची एक चपटी डबी बसवलेली असे. माणूस डोंगर चढू लागला की हवेचा दाब कमी होतो आणि डबी किंचित फुगते. केसाएवढी ती हालचाल तरफांनी वाढवत वेगळ्या काट्यापर्यंत पोचवलेली होती. हवामान बदललं तरी दाब बदलतो, म्हणून गिर्यारोहकाने उंची माहीत असलेल्या ठिकाणी काटा जुळवून घ्यायचा असे. १९६८ च्या ‘बॅथी’मध्ये हाच विचार पाण्याखाली नेला. मागच्या झाकणाच्या छिद्रांतून पाणी धातूच्या पातळ पडद्याला भिडे, खोलीबरोबर पडदा आत दबे आणि डायलवरचा काटा खोली सांगे. मीटरमध्ये मोजणारं ‘बॅथी ५०’, फुटांत मोजणारं ‘बॅथी १६०’. चांगल्या अवस्थेतली ही दोन्ही घड्याळं आज सहजी मिळत नाहीत आणि मिळाली तर स्वस्त नसतात.

मग क्वार्ट्झ आलं. स्विस घड्याळ उद्योगात १९७० साली नव्वद हजारांच्या आसपास माणसं काम करत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतली जेमतेम एक तृतीयांश उरली. फेवर-ल्युबाही यातून सुटली नाही. १९८५ च्या सुमारास आठ पिढ्यांची मालकी संपली आणि नाव विकलं गेलं. त्यानंतरची पंचवीस वर्षं ते एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिलं.

या काळात कंपनी नव्हती, पण घड्याळं होती. ती चालू ठेवली आपल्याकडच्या घड्याळजींनी. दुकानाच्या दर्शनी कोपऱ्यात काचेची पेटी, डोळ्याला भिंग, पेटीत जुन्या मशीनचे सुटे भाग. स्वित्झर्लंडहून पार्ट येणं बंद झाल्यावर एका घड्याळाची बॅलन्स दुसऱ्याला आणि तिसऱ्याचं झाकण चौथ्याला बसू लागलं. दमट हवेने काळवंडलेली डायल पाहून गिऱ्हाईक म्हणायचं, ‘जरा नवी करून द्या.’ मूळ डायल मिळणं शक्य नव्हतं, तेव्हा जुनी घासून तिच्यावर नव्याने रंग आणि अक्षरं चढायची.

परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ हे नाव दिलं आणि ते चिकटलं. पारखी माणूस सी किंग हातात घेतो तेव्हा वेळेकडे पाहतच नाही. आधी भिंगाखाली अक्षरं बघतो : मूळ छपाई बारीक आणि धारदार असते, रंगवलेल्या डायलवर अक्षरांच्या कडा फुगलेल्या असतात. मग सहाच्या खाली ‘स्विस मेड’ जागेवर आहे का, मिनिटांच्या रेघा सरळ आहेत का हे तपासतो. मिनिटकाटा त्या रेघांपर्यंत पोचतो की अलीकडेच थांबतो, तेही पाहतो. थांबत असेल तर काटे दुसऱ्या घड्याळाचे. डायल भडक नारिंगी किंवा पोपटी असेल तर पुढे बघायची गरजच उरत नाही. शेवटी झाकण उघडून मशीनवर कंपनीचं नाव कोरलेलं आहे का ते पाहायचं. या परीक्षेत नापास होणारी घड्याळं जगभर ढिगाने विकली गेली आणि मुंबईचं नाव नाहक बदनाम झालं. त्यात घड्याळजीला दोष देणं अन्यायाचं आहे. कंपनीने पाठ फिरवल्यावर जे हाताशी होतं त्यात त्याने काम भागवलं. त्याने ते केलं नसतं तर यांतली कितीतरी घड्याळं भंगारात गेली असती. फसवणूक केली ती रंगवलेला माल ‘ओरिजिनल’ म्हणून विकणाऱ्यांनी.

नोव्हेंबर २०११ मध्ये टायटनने सुमारे वीस लाख युरोंना फेवर-ल्युबा विकत घेतली, तेव्हा भारतातल्या संग्राहकांना झालेला आनंद खरा होता. ज्या क्वार्ट्झच्या लाटेत हा ब्रँड बुडाला, त्याच तंत्रावर होसूरच्या टायटनने भारतीय बाजार जिंकला होता. आता तीच कंपनी या जुन्या यांत्रिक नावाला हात देत होती. सी चीफ परत येईल, निदान तिची आठवण करून देणारं काहीतरी येईल, अशी आशा होती.

आलं ते वेगळंच. २०१६ पासून ‘रेडर’ मालिका सुरू झाली. ‘हार्पून’ ४६ मिलिमीटरचं आणि ५०० मीटर खोलीपर्यंत टिकणारं होतं. ‘बिव्हुॲक ९०००’ ४८ मिलिमीटरचं, टायटॅनियमचं, नऊ हजार मीटरपर्यंतची उंची दाखवणारं. जुन्या बिव्हुॲकची मर्यादा तीन हजार मीटरची होती, म्हणजे ही झेप एव्हरेस्टच्याही वर गेली. पाठोपाठ १२० मीटरपर्यंत खोली मोजून सर्वांत खोल आकडा लक्षात ठेवणारं ‘बॅथी १२० मेमोडेप्थ’ आलं. अभियांत्रिकी म्हणून ही घड्याळं अव्वल होती. हवा आत यावी पण पाणी येऊ नये, हा अवघड पेच बिव्हुॲक ९००० मध्ये ज्या पडद्याने सोडवला, त्याचं जाणकारांनी मनापासून कौतुक केलं.

पण कौतुकाच्या पुढे गाडी सरकली नाही. भारतीय संग्राहकाच्या मनातलं फेवर-ल्युबा सदऱ्याच्या बाहीखाली जाणारं, मध्यमवर्गीयाला परवडणारं घड्याळ होतं. ४८ मिलिमीटरचं, काही लाखांचं साधन त्या आठवणीशी जुळेना. पाश्चात्त्य संग्राहकाची अडचण निराळी होती. एवढ्या पैशांत त्याला नावाजलेल्या, पुन्हा विकताना किंमत टिकवणाऱ्या ब्रँडचं घड्याळ मिळत होतं. शिवाय याच वर्षांत मोठ्या घड्याळांची हौस ओसरून लोक ३८-४० मिलिमीटरकडे वळत होते. काही वर्षांतच टायटनला हा व्यवसाय आवरता घ्यावा लागला. संग्राहक हळहळले. अनेकांनी तेव्हा मांडलेली तक्रार आजही पटते : कंपनीने सर्वांत दुर्मिळ घड्याळांचा वारसा पुढे नेला आणि लाखोंनी प्रत्यक्ष मनगटावर बांधलेलं घड्याळ विसरली.

याच सुमारास दुसरीकडे काय घडत होतं ते पाहिलं, तर ही चूक जास्त स्पष्ट होते. निव्हादा ग्रेंचेन हे विझलेलं नाव २०२० मध्ये परत आलं ते साठच्या दशकातला आपला क्रोनोग्राफ जवळपास जसाच्या तसा घेऊन. आकार जुना, काटे जुने, अक्षरांची वळणंही जुनी. संग्राहकांनी ते उचलून धरलं. त्याआधी, १९८० च्या दशकात ज्याँ-क्लोद बिव्हेर आणि जाक पिगे यांनी ब्लाँपां उभी केली तेव्हा क्वार्ट्झ घड्याळ कधीच बनवणार नाही हीच तिची ओळख केली होती. जुन्या नावाचं नेमकं काय जपायचं, हे दोन्ही ठिकाणी आधी ठरलेलं होतं.

२०२३ मध्ये फेवर-ल्युबा पुन्हा एका भारतीय समूहाकडे गेली. हा समूह केडीडीएल आणि एथॉसचा, यशोवर्धन साबू यांचा. एथॉस महागड्या घड्याळांची दुकानं चालवते हे शहरी वाचकांना ठाऊक असतं. केडीडीएलचं मूळ काम त्याहून महत्त्वाचं आहे. हिमाचलातल्या परवाणूत १९८० च्या दशकापासून ही कंपनी घड्याळांच्या डायली आणि पुढे काटेही बनवते आणि स्विस कंपन्यांना पुरवते. कामाची धुरा पॅट्रिक हॉफमन यांच्याकडे आली. त्यांनी पूर्वी युलिस नार्डां या कंपनीचं नेतृत्व केलं होतं.

जिनिव्हात मांडलेली घड्याळं ‘चीफ’, ‘सी स्काय’ आणि ‘डीप ब्लू’ या तीन मालिकांतली होती. तिन्ही नावं कंपनीच्याच जुन्या वहीतली. डीप ब्लू हे १९६४ चं पाणबुड्यांसाठीचं घड्याळ, सी स्काय हा त्या काळचा क्रोनोग्राफ. आकार चाळीस मिलिमीटरच्या आसपास उतरले, आत ला जू-पेरे या स्विस कारखान्याची मशीनं आली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर समाधानकारक होतं आणि संग्राहकांनी ते मोकळेपणाने मान्य केलं. सगळ्यांत जास्त शाबासकी मिळाली ती मूळ घड्याळाशी प्रामाणिक राहिलेल्या मॉडेलना. कोनदार केसच्या नव्या चीफवर मतं फाटली. कोणाला ती सत्तरच्या दशकाची ताजी आठवण वाटली, तर कोणाला आजच्या फॅशनमागे धावणारी. एकदम इतकी मॉडेल काढल्याने कंपनीचा खरा चेहरा कोणता हे कळत नाही, हा आक्षेपही रास्त आहे. किंमत लाखांतच राहिली, तेव्हा सी किंगची जागा भरून काढणारं साधं चावीचं घड्याळ कधी येणार, हे विचारणं भारतीय संग्राहकांनी थांबवलेलं नाही.

दोन्ही प्रयत्न शेजारी ठेवले तर दुसरा निःसंशय शहाणपणाचा आहे. तरी एक काम दोघांनीही बाजूला ठेवलं, आणि ते जुन्या घड्याळांचं आहे. लोकांना या नावाची ओढ आहे ती कपाटांत, ट्रंकांत आणि मनगटांवर अजून टिकून असलेल्या सी चीफ-सी किंगमुळे. त्यांच्यासाठी मूळ बरहुकूम डायल, काटे आणि चावीची बटणं मर्यादित संख्येने जरी काढली, तरी रंगवलेल्या डायलींचा बाजार निम्म्याने उतरेल. डायली आणि काटे बनवण्यातच हयात गेलेल्या समूहाला हे अवघड नाही. मशीनच्या क्रमांकावरून घड्याळाचं वर्ष आणि मॉडेल सांगणारी सेवा सुरू झाली, तर खऱ्या-खोट्याचा वादही बराच मिटेल. नव्या मालकांनी हे मनावर घ्यावं.

आणि घरात वडिलांचं किंवा आजोबांचं फेवर-ल्युबा पडून असेल, तर वाचकांनीही एवढं करावं : डायल कितीही डागाळलेली असली तरी ती रंगवायला देऊ नये. जाणत्या घड्याळजीकडून मशीन साफ करून, तेल घालून घ्यावं, बदललेला प्रत्येक जुना भाग पाकिटात घालून परत मागून घ्यावा आणि खरेदीची पावती किंवा डबी सापडली तर ती घड्याळाबरोबरच ठेवावी.