दिवा लागतो, पण किती वेळ?

ऑगस्ट २०१९ मध्ये वारणेला पूर आला, त्या रात्रीची गोष्ट. वीज गेली म्हणून फडताळावरची बॅटरी काढली. आमच्या वारणानगरच्या बाजूला विजेरीलाही बॅटरीच म्हणतात. आठवड्यापूर्वीच बटण दाबून पाहिली होती, छान लागली होती. त्या रात्रीही लागली, पण मी पायरी उतरेपर्यंत तांबूस झाली आणि विझली. आतले सेल किती वर्षांचे होते, हे घरात कोणीच पाहिले नव्हते.

मला शेजाऱ्याने कंदील दिला, म्हणून निभावले. समुद्रात शेजार नसतो.

माझी धाकटी बहीण रत्नागिरीत मिरकरवाड्यात दिलेली आहे. तिचा मुलगा बरीच वर्षे मालवाहू जहाजांवर होता, आता घरचा ट्रॉलर बघतो. मागे एकदा पावसाळी मासेमारीबंदीत मी आंबा घाट उतरून त्यांच्याकडे गेलो, तेव्हा बोट ओढून ठेवलेली होती. केबिनच्या टपावर थर्मॉसएवढा एक पिवळा डबा बसवलेला दिसला. त्याला ईपर्ब म्हणतात. आपण संकटसूचक म्हणू. बोट बुडाली की दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने त्याची पकड सुटते, डबा वर तरंगतो आणि आपोआप चालू होतो. मग दर पन्नासेक सेकंदांनी तो ४०६ मेगाहर्ट्झवर अर्ध्या सेकंदाचा निरोप आकाशात पाठवतो. उपग्रह तो पकडतात, आपल्याकडे तो बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात उलगडला जातो आणि तिथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे जातो. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या काळात मिळून ही व्यवस्था उभी केली, याचे मला फार अप्रूप वाटते. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातली तीन माणसे तिच्यामुळे पहिल्यांदा वाचली.

भाच्याने चाचणीचे बटण दाबले. दिवा लुकलुकला. मी म्हणालो, "चालू आहे की!"

"मामू, दिवा लागला म्हणजे याला आवाज आहे, एवढंच कळलं. हा दोन दिवस ओरडत राहील का, ते दिव्यावरून कळत नाही," असे म्हणून त्याने डबा उलटा केला. चिकटपट्टीवर बॅटरी बदलण्याची तारीख छापलेली होती. ती चार महिन्यांपूर्वीच उलटून गेली होती. म्हणजे बंदी लागण्याआधीच्या फेऱ्या बोटीने त्याच बॅटरीवर केल्या होत्या. माझी बहीण दारात उभी होती, ती काही बोलली नाही.

या यंत्राने सलग ४८ तास काम करावे, अशी अट असते. वादळात विमान उडत नाही, जहाजाला पोचायला वेळ लागतो, म्हणून एवढा अवधी. तेवढ्या वेळात त्याला उपग्रहाला निरोप द्यायचा, जवळ आलेल्या विमानाला वाट दाखवणारा वेगळा संकेत सोडायचा आणि रात्री दिवाही लुकलुकवायचा. आतली लिथियमची बॅटरी न वापरताही थोडी थोडी उतरत असते, प्रत्येक चाचणी तिच्यातला घोटभर पिते आणि थंडीत ती कमी देते. हे सगळे वजा करूनही ४८ तास उरतील, अशा हिशेबाने कारखाना तारीख छापतो. बहुतेकांची मुदत पाच वर्षांची असते, काहींची दहा. यंत्र एकदा खरोखर संकटात वापरले, तर तारीख उरली असली तरी बॅटरी बदलावीच लागते.

बंदरातल्या एकाने बाजारातले सेल जोडून अर्ध्या पैशांत काम करून देतो म्हटले होते. भाच्याने ऐकले नाही. डबा उघडला की पाणी अडवणारी रबरी कडी नवी घालावी लागते, पाणी शिरत नाही याची परीक्षा घ्यावी लागते. हे अधिकृत दुरुस्ती केंद्राचेच काम. पाण्याच्या दाबाने सुटणाऱ्या त्या पकडीचीही वेगळी तारीख असते, साधारण दोन वर्षांची. ती लोक हमखास विसरतात. आणि जुने यंत्र भंगारात टाकताना बॅटरी सोडवली नाही, तर ते तिथूनच ओरडू लागते. कचऱ्याच्या ढिगात बचाव पथके शोध घेत फिरल्याचे प्रकार परदेशांत घडले आहेत.

११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात कोकणातले कितीतरी मच्छीमार समुद्रात होते. त्या वाडीत अजून फयानचे नाव हळू आवाजात घेतात. २०१० पासून इस्रोचे 'डॅट' हे मच्छीमारांसाठीचे संकटसूचक वापरात आले. अशी वीस हजारांहून अधिक यंत्रे वापरात असल्याचे इस्रोने जानेवारी २०२४ मध्ये सांगितले. नव्या पिढीच्या डॅटमध्ये निरोप पोचल्याची पावती बोटीवरच्या माणसाला मिळते. काळोखात लाटांवर असलेल्याला ती पावती म्हणजे काय, हे मी सांगायला नको. पण तिलाही बॅटरी लागते.

बॅटरी बदलून आली, तेव्हा भाच्याने नोंदणीचे कागदही काढले. यंत्र कोणाचे आणि खात्री करायला कोणाला फोन करायचा, याची नोंद बंगळुरूला असते. तिथे घरचा जुना तारेचा फोन लिहिलेला होता. तो बंद होऊन कैक वर्षे झाली होती. भाच्याने त्या जागी आईच्या मोबाईलचा क्रमांक घातला.

बहिणीने विचारले, "मग मी फोन रात्री उशाशी घेऊन निजू का रे?"

तो "हो" म्हणाला. बॅटरीची नवी तारीख तिने स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहून ठेवली आहे, गॅसच्या टाकीच्या तारखेखाली.