पायपीट दिवसभराची, भेट फक्त तासाभराची! ब्विंडीच्या जंगलात गोरिलांचा माग असा काढतात

दांडेली असो की ताडोबा, वाघ बघायचा तर जीपमध्ये बसायचे आणि बाकी नशिबावर सोडायचे. युगांडाच्या नैऋत्येला असलेल्या ब्विंडी राष्ट्रीय उद्यानात मात्र गाडीचा उपयोग नाही. सुमारे ३२१ चौरस किलोमीटरचे हे डोंगराळ, दाट जंगल पायीच तुडवावे लागते. परदेशी पर्यटकाला परवाना ८०० डॉलरचा. एवढे करून पर्वतीय गोरिला दिसले, की मिळतो फक्त एक तास. असे का?

पहाटेचा माग

पर्यटक चहा-नाश्ता करत असतात, तेव्हा माग काढणारे स्थानिक कर्मचारी जंगलात शिरलेले असतात. गोरिला रोज संध्याकाळी फांद्या-पाने वाकवून नवे घरटे करतात आणि सकाळी ते सोडून निघून जातात. म्हणून आदल्या दिवशी कुटुंब जिथे दिसले, तिथूनच शोध सुरू होतो. मोडलेली झुडपे, सोललेले देठ, ताजी विष्ठा, मातीत उमटलेले बोटांच्या पेरांचे ठसे, यावरून दिशा कळते. घरटी मोजली, की कुटुंबाची हजेरीही लागते. तान्ही पिल्ले आईजवळच झोपतात, त्यामुळे त्यांचे वेगळे घरटे नसते.

इकडे पर्यटकांना नियम सांगून जास्तीत जास्त आठ-आठ जणांचे गट पाडतात. पुढच्या पथकाकडून वायरलेसवर ठिकाण समजते आणि चढण सुरू होते. कधी अर्ध्या-पाऊण तासात गाठ पडते, तर कधी पाच-सहा तास चालावे लागते.

खरा धोका सर्दीचा

माणूस आणि गोरिला यांचे नाते इतके जवळचे, की आपले आजार त्यांना सहज लागतात. आपल्याला दोन दिवस शिंका आणणारी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून सर्दी-खोकला असलेल्याला आत सोडत नाहीत, १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, मास्क लावायचा, किमान १० मीटर अंतर ठेवायचे. एक तासाची मर्यादाही त्याचसाठी. रुपेरी पाठीचा म्होरक्या अंगावर धावून आला, तरी पळायचे नाही. खाली बसून नजर झुकवायची.

माणसाला बघून बिथरू नये, यासाठी एका कुटुंबाला सवय लावायलाच दोन-तीन वर्षे जातात. पण भीती गेली, की शिकारी आणि रोग दोघांनाही वाट मोकळी होते. म्हणून अशा कुटुंबांवर रोज नजर ठेवावी लागते.

हिशेब काय सांगतो?

२०१९ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार ब्विंडी आणि लगतच्या काँगोमधील साराम्ब्वे जंगलात ४५९ गोरिला आहेत. विरुंगा पर्वतरांगेतले धरून जगात एकूण १,०६३. कुठल्याही प्राणिसंग्रहालयात पर्वतीय गोरिला नाही, म्हणजे हीच सगळी पुंजी. ती वाढते आहे, म्हणूनच २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आणले गेले.

परवान्याच्या पैशांतून पहारा चालतो, काही वाटा आसपासच्या गावांनाही जातो. मात्र १९९१ मध्ये उद्यान झाले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या याच जंगलावर जगणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर पडावे लागले. गोरिला वाचले; बाट्वांच्या हक्काच्या जमिनीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.