मांजरपाटावरचा उजेड

मालेगावात आमच्या घरी यंत्रमागाचा खडखडाट थांबला, की झोपमोड व्हायची. अब्बांनी जन्मभर कोरे कापड विणले. त्यांच्या माघारी एका तरुण चित्रकार मुलीने विणकरांच्या जुन्या चित्रफिती आणि माझ्या कविता कापडी पडद्यांवर दाखवायचे ठरवले. अब्बाही त्यांत होते. तयार पडदे परवडणारे नव्हते. ती म्हणाली, "काका, कापड तुम्हीच निवडा."

विणकराचा मुलगा असूनही मी फसलो. चकचकीत पांढरे साटीन आणले. पडद्याच्या मधोमध डोळे दिपवणारा डाग पडला आणि अब्बांचा चेहरा त्यात हरवला. तेव्हा उमगले, की पडद्याला चमक नको. अंगावर पडलेला उजेड त्याने चहूकडे सारखा वाटला पाहिजे.

म्हणून कापड घेण्यापूर्वी प्रोजेक्टर कुठे ठेवायचा ते ठरवावे. उजेड प्रेक्षकांच्याच बाजूने पडणार असेल, तर घट्ट विणीचा पांढरा मांजरपाट किंवा पॉपलीन घ्यावे आणि मागे काळे कापड लावावे; आरपार गेलेला उजेड त्यात जिरतो. उजेड पाठीमागून टाकायचा असेल, तर पातळ मलमल बरी. मात्र दिव्याचा ठिपका थेट डोळ्यांत येतो, म्हणून प्रोजेक्टर वर किंवा खाली तिरका ठेवावा. अक्षरे उलटी दिसू नयेत यासाठी चित्र फिरवण्याची सोय बहुतेक प्रोजेक्टरांत असते.

मच्छरदाणीची जाळी थोडा उजेड अडवते, बाकीचा पुढे सोडते. अशा जाळ्या एकामागे एक टांगल्या, तर चित्र प्रत्येकीवर मोठे आणि फिके होत जाते. अमेरिकन कलावंत बिल व्हायोला यांनी १९९५ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात झिरझिरीत पडदे असेच ओळीने टांगले होते. दोन टोकांकडून येणारी स्त्रीची आणि पुरुषाची चित्रे मधल्या पडद्यांवर एकमेकांत मिसळत.

पन्हा मोठा घ्यावा, नाहीतर शिवण चेहऱ्यावर येते. कापड धुऊन इस्त्री करावे, वर नेफा शिवून काठी घालावी. प्रोजेक्टर दुप्पट दूर नेला, की चित्र चौपट पसरते आणि उजेड पाव उरतो. म्हणून आधी मीटरभरच कापड आणून अंधारात पाहावे. सुती कापड चटकन पेटते. तापणाऱ्या दिव्यांपासून ते लांब टांगावे.

अखेर आम्ही मांजरपाट लावला. अम्मी पाहायला आली. अब्बांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग पडद्याची कड चिमटीत धरून म्हणाली, "कापड आपल्याकडचंच दिसतंय."