एक रूळ, चार इंजिनं, चार फोन : घरातली मॉडेल रेल्वे मोबाईलवर कशी चालते?

पुण्यात कोथरूडजवळ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. तिथून बाहेर पडताना बऱ्याच जणांच्या मनात एकच प्रश्न असतो : हे घरी करता येईल का? येतं. आम्ही चार मित्र आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर अशी रेल्वे चालवतो आणि प्रत्येकाचा कंट्रोलर म्हणजे त्याचा स्वतःचा फोन. आमची गाडी एचओ स्केलची आहे, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. या लेखात त्यामागचं तंत्रज्ञान बघू.

जुनी पद्धत का अपुरी पडते?

साध्या सेटमध्ये रुळांना डीसी करंट देतात. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटे केले की गाडी मागे जाते. अडचण अशी की रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदमच पळतात. रुळाचे वेगळे भाग करून प्रत्येकाला स्विच देता येतो, पण मग गाडी कमी आणि स्विचच जास्त चालवावे लागतात.

डीसीसी म्हणजे काय?

पूर्ण नाव डिजिटल कमांड कंट्रोल. यात रुळांवर कायम एकसारखं व्होल्टेज असतं, फक्त त्याची दिशा सतत उलटसुलट होत राहते. या उलटण्याच्या वेळेतच डेटा लपलेला असतो. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो '१', आणि १०० मायक्रोसेकंद किंवा जास्त असेल तर '०'. म्हणजे वीज आणि निरोप दोन्ही त्याच दोन रुळांतून जातात.

प्रत्येक इंजिनात डीकोडर नावाची छोटी चिप असते आणि तिला एक पत्ता असतो. कमांड स्टेशन ओरडतं, "पत्ता ७, वेग ४०!" ते सगळेच डीकोडर ऐकतात, पण ७ नंबरचाच मानतो. डीकोडर उलट उत्तर देत नाही (बेसिक सिस्टीममध्ये तरी), त्यामुळे निरोप पोचला की नाही हे स्टेशनला कळत नाही. म्हणून ते तेच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. रुळावरच्या धुळीमुळे एखादा हुकला तरी पुढचा पोचतो.

फोन कुठे जोडायचा?

आम्ही डीसीसी-ईएक्स हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतो. लागणाऱ्या गोष्टी :

- आर्डुइनो मेगा बोर्ड आणि त्यावर बसणारा मोटर शील्ड
- वायफायसाठी ईएसपी८२६६ मॉड्यूल
- चांगल्या कंपनीचा तयार अडॅप्टर (२३० व्होल्टच्या बाजूला स्वतः जोडाजोडी करू नका)
- अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर आणि आयफोनवर वायथ्रॉटल ॲप

नवा डीकोडर कारखान्यातून बहुधा ३ हाच पत्ता घेऊन येतो. दोन नवी इंजिनं एकदम रुळावर ठेवली तर दोन्ही एकाच फोनचं ऐकतील. म्हणून एकेक इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवून पत्ता बदला. डीकोडर नसलेलं जुनं इंजिन मात्र डीसीसी रुळावर उभं करू नका, मोटर तापून जळू शकते.

कॉल आला तर गाडीचं काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. गाडी ५० च्या वेगात आहे आणि फोनवर कॉल आला, किंवा बॅटरी संपली. कमांड स्टेशनला शेवटचा आदेश आठवतो, त्यामुळे गाडी पळतच राहते, थेट समोरच्या इंजिनावर किंवा टेबलाखाली. यावर उपाय म्हणजे हार्टबीट. फोन दर काही सेकंदांनी "मी आहे" असा निरोप पाठवतो. तो थांबला की सर्व्हर त्या फोनची इंजिनं थांबवतो. ही सेटिंग चालू आहे का ते आधी तपासा. शिवाय ॲपसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा आणि गाडी चालवताना डू नॉट डिस्टर्ब लावा.

टक्कर कोण टाळणार?

डीसीसीला गाडी कुठे आहे हे माहीत नसतं. समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांना ते निमूट पळवतं. आमच्या टेबलावर दोन स्टेशनांमध्ये सिंगल लाइन आहे. तिथे आम्ही भारतीय रेल्वेच्या जुन्या टोकन पद्धतीचाच नियम लावतो. खऱ्या रेल्वेत नील्स बॉल टोकन यंत्रातून निघालेला गोळा हातात असेल तरच ड्रायव्हर पुढच्या सेक्शनमध्ये जायचा. आमच्याकडे गोळ्याच्या जागी कॅरमचा स्ट्रायकर आहे. तो ज्याच्या हातात, त्याचीच गाडी आत. प्रोग्रॅमिंगमध्ये आम्ही याला म्युटेक्स म्हणतो : एक वस्तू, एका वेळी एकच मालक.

सुरू करण्याआधी

रुळांना ठिकठिकाणी वायर जोडा, फक्त एका टोकाला नको. मग जागोजागी दोन रुळांवर नाणं आडवं ठेवा : कमांड स्टेशनने लगेच पॉवर तोडली पाहिजे. तोडली नाही तर तिथली वायरिंग कमकुवत आहे, आणि खऱ्या शॉर्ट सर्किटमध्ये डीकोडर वितळू शकतो. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण त्या वेळी पॉवर बंद ठेवा.

पहिल्या दिवशी एक गोल ट्रॅक आणि दोन इंजिनं पुरे. चौथा मित्र आला की स्ट्रायकर शोधा.