लेखकांचा संप आणि विनोदी कार्यक्रमांचा लहान निर्माता

प्रस्तावना :
अमेरिकेतील 'रायटर्स गिल्ड'चा संप 5 नोव्हेंबर 2007 रोजी सुरू होऊन 12 फेब्रुवारी 2008 पर्यंत चालला. 2023 मध्ये याच संघटनेचा संप 148 दिवस टिकला. अशा संपाची चर्चा होताना बलाढ्य कंपन्या आणि लेखक हे दोनच पक्ष सहसा डोळ्यांसमोर येतात. या दोहोंमध्ये सापडलेला विनोदी कार्यक्रमांचा लहान, स्वतंत्र निर्माता मात्र दुर्लक्षित राहतो. त्याच्या स्थितीचे स्वरूप, विशेषतः मराठीच्या संदर्भात, स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय विवेचन :
विनोद, त्यातही प्रासंगिक विनोद, हा नाशवंत माल आहे. कौटुंबिक मालिकेचे भाग आगाऊ चित्रित करून ठेवता येतात; कालच्या घटनेवरील प्रहसन महिन्यानंतर शिळे होते. म्हणूनच 2007 च्या संपात अमेरिकेतील रात्रीचे विनोदी कार्यक्रम सर्वांत आधी बंद पडले. तथापि त्यांपैकी डेव्हिड लेटरमन यांचा कार्यक्रम 2 जानेवारी 2008 रोजी, संप चालू असतानाच, आपल्या लेखकांसह पुन्हा सुरू झाला. लेटरमन यांची निर्मितीसंस्था कार्यक्रमाची मालक होती. त्यामुळे तिला लेखक संघटनेशी स्वतंत्र करार करता आला. प्रतिस्पर्धी जे लेनो यांच्या कार्यक्रमाची मालकी वाहिनीकडे असल्याने त्यांना लेखकांविना परतावे लागले. संपकाळात निर्मात्याचे लहान-मोठेपण नव्हे, तर मालकी निर्णायक ठरते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

आपल्याकडील जवळचा प्रसंग नोव्हेंबर 2008 चा. तो केवळ लेखकांचा संप नव्हता. मुंबईतील चित्रपट-दूरचित्रवाणी कामगारांचा महासंघ व निर्माते यांच्यातील वादामुळे चित्रीकरण थांबले आणि हिंदी वाहिन्यांना काही दिवस जुने भाग दाखवावे लागले. मराठीत असे घडल्यास काय होईल? वाहिनीसाठी काम करणाऱ्या निर्मात्याला मोबदला सामान्यतः तयार भागागणिक मिळतो आणि हक्क वाहिनीकडे जातात. जुना भाग पुन्हा दाखविला तरी वाहिनीला जाहिराती मिळतात. निर्मात्याच्या हाती काही पडत नाही. चित्रीकरणस्थळाचे भाडे, कार्यालयाचा खर्च मात्र चालूच राहतो. लेखकाची मागणी त्याला रास्त वाटली तरी मालकी नसल्याने लेटरमन यांचा मार्ग त्याला बंद असतो.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. मराठीत लेखक आणि निर्माता यांच्यातील सीमारेषा अनेकदा पुसट असते. 2018 मध्ये सुरू झालेल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'चे एक निर्माते सचिन मोटे हे स्वतः लेखक आहेत. अशा व्यक्तीने संपात कोणत्या बाजूला उभे राहावे? स्वतःच्याच कार्यक्रमासाठी प्रहसन लिहिणे हा संपभंग मानावा काय? संघटनेच्या नियमावलीत याचे उत्तर काहीही असो, प्रत्यक्षात घरच्या मंडळींतच तेढ उत्पन्न होते. एकांकिका स्पर्धांतून लिहिते झालेले कोल्हापूरसारख्या ठिकाणचे तरुण पुढे मुंबईत अशाच लहान चमूंत दाखल होतात. तेथे पुष्कळदा तोंडी शब्दावर काम चालते. संप झाल्यास थकीत मानधन मागण्यासाठी त्यांच्याकडे कागदच नसतो.

याउलट व्यावसायिक रंगभूमीवरील विनोदी नाटकाची संहिता एकदाच लिहिली जाते आणि नाटककाराला प्रयोगागणिक मानधन देण्याची प्रथा आहे. लेखकांनी लेखणी खाली ठेवली तरी आधी उभ्या राहिलेल्या नाटकाचे प्रयोग चालू राहू शकतात, आणि प्रत्येक प्रयोगामागे लेखकाचे पाकीटही त्याच्या घरी पोहोचते.