मोलमपल्लीचे बाबुराव

दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहातल्या पिंपळापाशी माणसे जमतात. कधी हा दिवस ऐन दिवाळीत येतो, तरी येतात. १८५८ साली याच दिवशी मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यांना इथे फाशी दिली गेली. वय अवघे पंचवीस.

जमीनदार म्हटले की आपल्याला सारा वसूल करणारा वाडेकरी आठवतो. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, रानातला जमीनदार तसा नव्हता. गोंड राजांनी जंगलाचे परगणे आपल्या सरदारांकडे सोपवले, ते वाटा-घाट राखण्यासाठी आणि हाक आली की माणसे घेऊन लढायला येण्यासाठी. चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, तरी रानातली ही घराणी टिकली. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, पोटी वारस नव्हता. डलहौसीने राज्य खालसा केले आणि चांद्यात इंग्रज अधिकारी येऊन बसला.

बाबुरावांचा जन्म १८३३चा, अहेरीजवळच्या किष्टापूरचा. त्यांची जमीनदारी लहान, अहेरीच्या मोठ्या जमीनदारीच्या छायेतली. पण १८५८च्या मार्चमध्ये त्यांनी राजगड परगणा घेतला, तेव्हा चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांना फौज काढावी लागली. आडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव लवकरच बाबुरावांना येऊन मिळाले. गोंड तरुणांच्या जोडीला रोहिले होते. नांदगाव-घोसरीला पहिली मोठी चकमक झाली. मग बंडवाल्यांनी गढीसुर्ल्याची टेकडी धरली आणि चढून येणाऱ्या शिपायांवर वरून धोंडे लोटले. एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामणपेठ इथेही गाठ पडली. क्रिक्टन यांच्याकडे बंदुका होत्या, कवायती शिपाई होते. पण पायवाटा आणि नाल्यांचे उतार ठाऊक होते ते बाबुरावांना. मला त्यांचे सेनापतीपण इथे दिसते. स्वतःची भूमी त्यांनी शस्त्रासारखी वापरली.

२९ एप्रिलला प्राणहितेकाठच्या चिंचगुंडीला तारायंत्र खात्याच्या छावणीवर हल्ला झाला. तिथले कर्मचारी गार्टलंड आणि हॉल मारले गेले, त्यांचा सोबती पीटर निसटला. मेले ते सैनिक नव्हते, आणि ही गोष्ट झाकून बाबुरावांचे चरित्र सांगू नये. पण तार ही त्या काळी इंग्रजी सत्तेची मोठी ताकद होती. बंडाची बातमी घोड्याच्या आधी पोचे, ती तिच्यामुळे. छावणीवरचा घाला सरकारच्या वर्मी लागला आणि पाठलाग अधिक कडक झाला.

रानात बाबुराव सापडेनात. तेव्हा क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दाब आणला. रान जसे बाबुरावांना ठाऊक, तसेच लक्ष्मीबाईंच्या माणसांनाही. बाबुराव पकडले गेले आणि १८ सप्टेंबरला चांद्यात आणले गेले. महिना-सव्वा महिन्यात सगळे आटोपले. व्यंकटराव बस्तरकडे निसटले. १८६०मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना धरून दिले, त्यांना जन्मठेप झाली. त्यांची जप्त झालेली आडपल्ली-घोटची ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली. एका गोंड घराण्याचे वतन काढून दुसऱ्या गोंड घराण्याला! लक्ष्मीबाईंना फितूर म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. नकार दिला असता तर अहेरीचे काय झाले असते, हे त्या पाहत होत्या. तरीही हा ६७चा आकडा वाचताना मन कष्टी होते.

या लढ्याचे पहिले कागद लिहिले ते फाशी देणाऱ्यांनी. त्यात बाबुराव एक किरकोळ जमीनदार आहेत आणि त्यांची मोहीम म्हणजे लूटमार. गोंडांच्या घरांत मात्र त्यांच्या फौजेचे नाव जंगोम सेना असे राहिले. तिथे फाशीचा दोरही बाबुरावांच्या गळ्याला टिकत नाही, पुन्हापुन्हा तुटतो. ही कथा कुठल्या दप्तरात नाही. ज्यांच्या हाती दप्तर नव्हते, त्यांनी आपला माणूस असा जपला. १२ मार्च २००९ रोजी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, तोवर दीडशे वर्षे हे काम आजीआजोबांनीच केले होते.